बॅग दाबतेय पण बाळाची छाती उचलत नाही – लेबर रूममध्ये सराव कसा चालू ठेवता?

लेबररूम_नाइट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. रात्रपाळीला लेबर रूममध्ये मी आणि एक मावशी. एमओ (मेडिकल ऑफिसर) सर कॅज्युअल्टीत असतात. हाक मारली की येतात, पण तिकडे अपघाताची केस चालू असली तर वेळ लागतोच. बालरोगतज्ज्ञ जिल्ह्याच्या गावी, आणि १०८ बोलावून तिथे न्यायचं म्हणजे अख्खा घाट उतरायचा.

गेल्या वर्षी नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाचं दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं. बाहुलीवर अम्बू बॅग (हाताने दाबून मास्कमधून श्वास द्यायची पिशवी) दाबली की छाती छान वर यायची. ट्रेनर मॅडमनी शाबासकी दिली, सर्टिफिकेट मिळालं. मग मध्यंतरी पहाटे एक बाळ आलं. दिवस भरलेले, मानेभोवती नाळेचा वेढा, अंग लुळं, रडणं नाही. पुसलं, पाठ चोळली, तोंड-नाक सक्शन केलं, वॉर्मरखाली घेऊन बॅग सुरू केली. मास्कच्या कडेने फस्स फस्स हवा जातेय आणि छाती जागची हलत नाही! शेजारच्या वॉर्डातल्या सीनियर सिस्टर धावत आल्या, मास्क हातात घेतला, काहीतरी केलं आणि लगेच छाती उचलायला लागली. थोड्या वेळाने बाळ रडलं. दोघं घरी गेलेत, बाळ अंगावर नीट पितंय.

त्यांना विचारलं नक्की काय केलंत, तर म्हणाल्या, "हाताला सवय लागते गं." पण अशी बाळं काही रोज येत नाहीत, येऊही नयेत. मग सवय लागणार कशी? ट्रेनिंगची बाहुली जिल्ह्याला कपाटात बंद. तुमच्याकडे काय करता?

आणखी दोन गोष्टी. ट्रेनिंगमध्ये सांगितलं, गर्भजल हिरवं (बाळाने पोटातच शी केलेलं) असलं तरी बाळ श्वास घेत नसेल तर सक्शनमध्ये वेळ घालवू नका, बॅग द्या. आमचे सर म्हणतात, आधी घशातून सगळं काढा, नाहीतर घाण आत ढकलाल. दुसरं ऑक्सिजनचं. नातेवाईक दारातून ओरडतात "ऑक्सिजन लावा", आणि खरं सांगायचं तर आमचाही हात आधी सिलिंडरकडेच जातो. साध्या हवेवर सुरू करायचं हे नक्की बरोबर ना?

कृष्णाकाठ

मी दवाखान्यातला नाही, पण विषय वाचून राहवलं नाही. माझी आजी गावात सुईण होती. बाळ रडलं नाही की त्याच्या कानाशी पितळी थाळी वाजवायची. तेवढ्याने भागलं नाही तर नाळ न कापता वार निखाऱ्यावर शेकायची. शेक नाळेतून बाळापर्यंत जातो म्हणे. काही बाळं उठायची असं घरात सांगतात. यात काही तथ्य असतं का हो?

निवृत्त_इन्चार्ज

लेबररूम_नाइट, तुझ्या सीनियरने काय केलं ते मी न बघता सांगते. तिने मास्क खाली दाबायचं थांबवलं आणि जबडा वर उचलला.

घाबरलं की प्रत्येकीचा हात मास्क तोंडावर दाबतो. हवा गळतेय ना, मग अजून दाबू, असं डोक्यात येतं. मास्क दाबला की मान पुढे वाकते, हनुवटी छातीकडे जाते, जीभ मागे पडते, वाट बंद. मग बॅगमधली हवा सोपी वाट धरते, ती गालावरून किंवा नाकाच्या बाजूने डोळ्याकडे. तुझं फस्स तिथलंच असणार.

आता हात कसा ठेवायचा ते बघ. मास्कची कड आधी हनुवटीच्या टोकावर बसव, तिथून वर तोंड आणि नाकावर टेकव. डोळ्यांवर कड यायला नको. अंगठा आणि पहिलं बोट मास्कवर गोल, हलकेच. उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडावर. हाडावर म्हणतेय मी, हनुवटीखालच्या मऊ मांसावर नाही, तिथे बोट रुतलं की जीभ आणखी मागे जाते. आणि त्या तीन बोटांनी जबडा मास्ककडे ओढून घ्यायचा. एकदा हे जमलं की बॅग दोन बोटांनी दाबली तरी छाती हलते, मूठ आवळायला लागत नाही.

खांद्याखाली कापडाची घडी, इंचभर जाडीची, जास्त नको. नव्या मुली घडी डोक्याखाली ठेवतात, तिने उलटंच होतं. घडी फार जाड झाली तरी मान मागे पडून वाट बंदच. ज्या बाळाचं डोकं कळांमध्ये लांबुळकं झालेलं असतं, त्याच्या खांद्याखाली घडी लागतेच. मास्क दिवस भरलेल्या बाळाला १ नंबर, लहान बाळाला ० नंबर. दोन्ही ट्रेमध्ये आहेत का ते ड्युटीवर आल्या आल्या बघायचं, बाळ आल्यावर शोधायचं नाही.

एवढं करूनही जमलं नाही तर दोन माणसं लाव. एकीने दोन्ही हातांनी मास्क आणि जबडा धरायचा, दुसरीने बॅग दाबायची. तुझ्याकडे दुसरी म्हणजे मावशी. मी माझ्या मावशीला "दाब, दोन, तीन – दाब, दोन, तीन" असं म्हणत बॅग दाबायला शिकवलं होतं. मिनिटाला चाळीस ते साठ या हिशेबात ते बरोबर बसतं. त्यावरून मला वरून बोलणी बसली. चतुर्थ श्रेणीच्या बाईच्या हातात बॅग कशी दिली म्हणून! मी म्हटलं, साहेब, रात्री तीन वाजता दुसरी बाई तुम्ही पाठवा, मी हिच्या हातातून बॅग काढून घेते. पुढे तो विषय निघाला नाही.

कृष्णाकाठ, तुमच्या आजीचं म्हणाल तर आमच्या दवाखान्यातल्या जुन्या रीती काही फार वेगळ्या नव्हत्या. मी नोकरीला लागले तेव्हा बाळाचे पाय धरून उलटं लटकवायचं, पाठीत धपाटे द्यायचे, अंगावर स्पिरिट चोळायचं, नाळेतून सोडाबायकार्ब द्यायचं, हे सगळं पाहिलंय. पुष्कळ बाळं रडायची. ती नुसती पुसली असती तरी रडलीच असती. जे बाळ खरंच अडलेलं असायचं त्याला धपाट्याचा काही उपयोग नव्हता, त्याला हवा पाहिजे होती. थाळीचंही तेच. वार शेकण्यात सगळ्यात वाईट काय, तर वेळ जातो, आणि ओलं बाळ तोवर गार पडतं.

सरावाचं सांगते. पहिली गोष्ट, बाहुली मागून घे. जिल्ह्याला पत्र टाक, दोनदा टाक. मिळाली की कपाटात ठेवायची नाही, वॉर्मरशेजारच्या टेबलावर ठेवायची. कपाटाची किल्ली नेहमी त्या सिस्टरकडे असते जी रजेवर असते. आमच्याकडे पद्धत अशी होती की ड्युटी बदलताना येणारीने एकदा बॅग देऊन दाखवायची, जाणारीने फक्त छातीकडे बघायचं. दोन-चार मिनिटांत संपतं. रजिस्टर नाही, सही नाही, फोटो तर नाहीच. सही आली की लोक सही करतात आणि बॅग राहून जाते.

हात बसला की मुद्दाम अडचणी घालायच्या. ट्रेमध्ये चुकीचा मास्क ठेवून द्यायचा. घडी काढून घ्यायची. दिवे घालवायचे. एकदा मी बॅगची झडपच काढून ठेवली होती, आणि त्या रात्रीच्या तिन्ही मुलींपैकी एकीनेच वापरण्याआधी बॅग तळहातावर दाबून पाहिली.

एसएनसीयू_विदर्भ

जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षात काम करतो, तुमच्यासारख्या ठिकाणांहून आलेली बाळं रोज बघतो. मॅडमनी हाताचं सगळं सांगितलंय, मी अभ्यास काय सांगतात तेवढं लिहितो.

शंभर बाळांपैकी साधारण ८५ स्वतःच श्वास घेतात. आणखी १० पुसून, पाठ चोळून घेतात. बॅग लागते ती ५ च्या आसपास. छाती दाबायची वेळ येते ती हजारात एखाद्या बाळावर. म्हणून धपाट्याला यश मिळाल्यासारखं दिसायचं. आणि म्हणूनच तुमच्यासारख्या सिस्टरचा हात बसत नाही, कारण खरी वेळ क्वचित येते.

तुमचा मूळ प्रश्न टांझानियात अगदी असाच पडला होता. उत्तर टांझानियातल्या हायडम गावच्या रुग्णालयात 'हेल्पिंग बेबीज ब्रीद'चं, म्हणजे श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास द्यायला शिकवणारं, एक दिवसाचं ट्रेनिंग झालं. काही महिन्यांनी तपासलं तर बाहुलीवर सगळ्यांचं काम सुधारलेलं, पण लेबर रूममध्ये प्रत्यक्षात काहीच बदललं नव्हतं, मृत्यूही तेवढेच. मग त्यांनी तिथेच, कामाच्या जागी, दर आठवड्याला तीन ते पाच मिनिटांचा सराव सुरू केला. पहिल्या २४ तासांतले मृत्यू हजारी ११.१ वरून ७.२ वर आले. मला त्यातला आणखी एक आकडा महत्त्वाचा वाटतो. बॅग लागणाऱ्या बाळांचं प्रमाण ७.३ टक्क्यांवरून ५.९ वर उतरलं, कारण पुसणं आणि चोळणं आधीच नीट व्हायला लागलं होतं. म्हणजे सराव बॅगचा केला तरी सुधारणा बॅगच्या आधीपासून होते.

आपल्या शेजारी बेळगाव भागातही हेच प्रशिक्षण देऊन नोंदी ठेवल्या होत्या. ताजे मृतजन्म (जन्माच्या थोडंच आधी गेलेली बाळं) १.७ टक्क्यांवरून ०.९ वर आले. यातली काही बाळं आधी 'मेलेलं जन्मलं' म्हणून लिहिली जात असणार, प्रत्यक्षात ती फक्त श्वास न घेणारी असतील. नवजात मृत्यू मात्र त्या अभ्यासात कमी झाले नाहीत, हेही सांगायला हवं. ट्रेनिंग म्हणजे जादू नव्हे.

आणि कोणी म्हणालं की हे काम डॉक्टरचंच, तर त्याला गडचिरोली दाखवा. तिथल्या 'सर्च' संस्थेमध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. घरच्या बाळंतपणात श्वास न घेणाऱ्या बाळाला आधी तोंडाने, मग नळी-मास्कने आणि पुढे बॅग-मास्कने श्वास देणं त्या शिकल्या. थोडं शिकलेल्या बायका झोपडीत कंदिलाच्या उजेडात हे करत होत्या. घरच्या नवजात सेवेचा तो सगळा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले होते.

मिकोनियमबद्दल, म्हणजे पाणी हिरवं करणाऱ्या बाळाच्या शीबद्दल. तुमचे सर सांगतात ते त्यांच्या शिक्षणाच्या वेळचं आहे आणि त्या वेळी पुस्तकात तेच होतं. लुळं बाळ असेल तर नळी घालून घसा साफ करायचा, मग बाकीचं. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना बदलल्या. त्यानंतर सगळ्यांना सरसकट तसं करणं बंद झालं. पुदुच्चेरी आणि दिल्लीत आपल्याकडेच झालेल्या चाचण्यांतही नळीने सक्शन केलेल्या बाळांना फायदा दिसला नाही, आणि बॅग सुरू व्हायला मात्र उशीर होतो. तोंडात, नाकात दिसतंय तेवढं पटकन काढा, आधी तोंड मग नाक, आणि बॅग सुरू. छाती उचलतच नसेल आणि बाकी सगळं तपासून झालं असेल, तरच आत अडथळा आहे का ते बघायचं. सरांना हे रात्री, बाळ समोर असताना सांगू नका. सकाळी चहाच्या वेळी नव्या सूचनांचा कागद दाखवा. आमच्याकडे दोन सीनियर डॉक्टरांना हे पचायला बराच वेळ गेला, आणि ते दोघं उत्तम डॉक्टर आहेत.

ऑक्सिजनबद्दल अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. साध्या हवेवर बाळ उठतं का, याची पहिली मोठी तपासणी दिल्लीत झाली. डॉ. सिद्धार्थ रामजी आणि नॉर्वेचे डॉ. ओला सॉगस्टाड यांनी १९९३ मध्ये ८४ बाळांवरचं काम प्रसिद्ध केलं. पुढे १९९८ मध्ये सहा देशांतल्या ६०९ बाळांचा अभ्यास आला. साध्या हवेवरची बाळं मागे पडली नाहीत, उलट पहिला श्वास आणि रडणं लवकर आलं. २०१० पासून दिवस भरलेल्या बाळाला २१ टक्के, म्हणजे खोलीतल्याच हवेवर सुरुवात करणं ही जगभरची पद्धत झाली. ३५ आठवड्यांपेक्षा लहान बाळाला २०१५ च्या सूचनांत २१ ते ३० टक्के होतं. तेव्हा सिलिंडर शोधण्यात पहिलं मिनिट घालवू नका. अर्ध्या मिनिटाच्या चांगल्या बॅगिंगनंतरही बाळ उठत नसेल तर मदतीला बोलावून घ्या, ऑक्सिजन जोडा, बॅग थांबवू नका.

एक विनंती, छातीवर बोटं ठेवण्याची घाई नको. रेफर होऊन आलेल्या बाळाच्या कागदावर "सीपीआर दिला" (छाती दाबली) असं असतं, आणि विचारलं तर कळतं की छाती एकदाही उचलली नव्हती. आधी तीस सेकंद छाती दिसेल अशी हवा, त्यानंतरही ठोके साठच्या खाली असतील तरच तीन दाब, एक श्वास. ठोके मोजताना सहा सेकंद ऐका, दहाने गुणा, आणि ऐकताना बोट टेबलावर वाजवत राहा म्हणजे बाकीच्यांनाही कळतं.

कृष्णाकाठ, तुमच्या आजीची एक गोष्ट मात्र मला आवडली, नाळ लगेच न कापण्याची. रडणाऱ्या बाळाची नाळ एक ते तीन मिनिटं न कापणं आता जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. श्वास न घेणाऱ्या बाळाला आईजवळच, नाळ न कापता बॅग देण्यावर अभ्यास चालू आहेत. निखारे मात्र नकोत.

लेबररूम_नाइट

एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. सीनियर सिस्टरना निवृत्त मॅडमचं उत्तर वाचून दाखवलं, त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हेच केलं होतं मी, पण सांगता येत नव्हतं." बाहुलीसाठी पत्र टाकलंय. तोवर एका मैत्रिणीच्या मुलीची रबरी बाहुली आणलीय, छाती नाही उचलत तिची, पण बोटं कुठे ठेवायची ते तरी कळतं.

मॅडमनी सांगितलं म्हणून ड्युटीवर गेल्या गेल्या बॅग तळहातावर दाबून पाहिली. आमच्या बॅगच्या वरच्या छोट्या झडपेवर कोणीतरी चिकटपट्टी लावून ठेवलीय. विचारलं तर म्हणे, तिथून हवा जाते, प्रेशर मिळत नाही. ही पट्टी राहू द्यायची का?

निवृत्त_इन्चार्ज

आत्ता काढ. उत्तर नंतर वाच.

ती झडप मुद्दाम ठेवलेली असते. जास्त दाब झाला की ती उघडते आणि जादाची हवा बाहेर सोडते, नाहीतर एवढ्याशा फुप्फुसात भोक पडायचं. हवा "जाते" म्हणून लोकांना वाटतं बॅग खराब आहे. दहातल्या नऊ वेळा दोष झडपेत नसतो, मास्क नीट बसलेला नसतो, मग मूठ आवळून दाबतात आणि झडप बोलायला लागते. नीट धरलं तर बहुतेक बाळांना तेवढा दाब लागतच नाही. एखाद्या कडक फुप्फुसाच्या बाळाला पहिल्या एक-दोन श्वासांना जास्त लागला, तर तेवढ्यापुरतं झडपेवर बोट ठेवता येतं. बोट उचलता येतं, चिकटपट्टी कोण उचलणार?

आणि तळहातावर दाबून तीन गोष्टी बघायच्या. हाताला दाब लागतो का, जोरात दाबल्यावर झडप हिस्स करते का, सोडल्यावर बॅग लगेच फुगते का. तिन्ही झालं तर बॅग चांगली. आणि हो, बाळ येणार म्हटलं की लेबर रूमचा पंखा बंद कर. आईला उकडतं, डॉक्टरला त्याहून उकडतं, तरी बंद कर.

साहेबराव_बायोमेड

मी अशी उपकरणं दुरुस्त करतो, एक भर घालतो. "बॅग चालत नाही" म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बॅगांमध्ये बऱ्याच वेळा काहीच मोडलेलं नसतं. धुताना सुट्टी केली आणि जोडताना मास्कच्या बाजूची पातळ रबरी झडप, ती बदकाच्या चोचीसारखी दिसते, उलटी बसवली किंवा बेसिनमध्येच वाहून गेली, एवढंच असतं. सिलिकॉनची बॅग असेल तर ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणं) चालते. पीव्हीसीची स्वस्त बॅग ऑटोक्लेव्हमध्ये टाकू नका, आकार जातो. कोणती आहे ते बॅगवर लिहिलेलं असतं. नसेल तर फोटो टाका इथे, बघून सांगतो.

लेबररूम_नाइट

पट्टी काढली. झडप हिस्स करते. बॅगवरचं लिहिलेलं पुसलं गेलंय, उद्या उजेडात फोटो टाकते.